एकसष्ट किलो

१

भरवसा कोणावर ठेवाल तुम्ही? बोलणाऱ्या माणसावर, की मुक्या काट्यावर? घाईने उत्तर देऊ नका. किल्ल्या टेबलावरच आहेत आणि त्या तुमच्याच आहेत. उद्या सकाळपासून पोलिसांच्या हेलिकॉप्टरला तेल तुम्ही भरायचं. पण धंदा हातात देताना जुन्याने नव्याला चार गोष्टी सांगायच्या असतात. मी एकच सांगणार आहे. बसा. ती खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही.

शाळेशी माझं फार जमलं नाही. चौथीनंतर एका भंगारवाल्याच्या काट्यावर उभा राहिलो आणि उरलेलं सगळं तिथेच शिकलो. एकदा एका गिऱ्हाइकाने चिंध्यांचं भलंमोठं गाठोडं आणलं. काटा सत्त्याण्णववर. मी आकडा लिहायला घेतला, तर मालकांनी माझं मनगट धरलं. "आकडा नंतर. आधी काटा बघ." काटा थरथरत होता. अगदी बारीक, वर-खाली, वर-खाली. मालक गोडीत म्हणाले, "भाऊसाहेब, गाठ सोडा. आत जो कोणी आहे तो गुदमरेल." आतून गिऱ्हाइकाचा मेव्हणा निघाला, घामाने निथळत. त्याने आधी पाणी मागितलं, मग आपला हिस्सा.

आम्ही पोट धरधरून हसलो. मालक हसले नाहीत. म्हणाले, "माल काट्यावर पडून राहतो. माणूस काट्यावर श्वास घेतो. हे विसरू नकोस."

विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं.

२

खिडकीतून ते सिमेंटचं चौकोनी अंगण दिसतंय ना? त्याच्याखाली माझा काटा आहे. यंत्र तिथेच उभं राहतं, तिथेच तेल घेतं. मी तो बसवला तेव्हा लोक म्हणाले, हेलिकॉप्टर काय बटाट्याचं पोतं आहे? मी म्हटलं, लिटर उन्हात फुगतं, किलो फुगत नाही. इथे खाली एक मिनिट वाया गेलं तर चहा निवतो. वर एक मिनिट कमी पडलं तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

भिंतीवर दोन तबकड्या आहेत. मोठी सगळं वजन दाखवते. छोटी यंत्र आणि तेल वजा करून फक्त वर बसलेली माणसं दाखवते.

माणसं तीन. उजव्या सीटवर चालक, म्हणजे माझी पुतणी. थोरला भाऊ आणि वहिनी गेल्यापासून आमच्याच घरात वाढलेली. पोलिसांच्या कागदावर तिचं नाव काहीही असो, घरात ती चिमणी. तिच्या डाव्या हाताला कॅमेरा सांभाळणारा, त्याला सगळे दुर्बीण म्हणतात. मागे उजवीकडे बसून नकाशा बघणारा आणि खालच्या पोलिसांशी बोलणारा, तो मास्तर. मागची डावी सीट रिकामी. रिकाम्या सीटचा पट्टा बांधूनच ठेवतात, गादीला घट्ट आवळून, म्हणजे तो उडताना आपटत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

बूट आणि हेल्मेटसकट चिमणी अठ्ठावन्न, दुर्बीण चौऱ्याऐंशी, मास्तर बहात्तर. बेरीज दोनशे चौदा. दुर्बिणीच्या घरी पाहुणे आले की दोनशे पंधरा.

आता लोकांना वाटतं, पोलिसांचं यंत्र, वाटेल तिथे जाईल. छे! आपल्या डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक मोठं विमान उतरायला येतं. त्या रांगेपुढे आमचं यंत्र म्हणजे हमरस्ता ओलांडणारा पादचारी. हवेतही गल्ल्या असतात. नदीवरून जा, रेल्वेच्या रुळांवरून परत या, अमुक उंचीच्या वर डोकं काढू नका. गल्ली बदलायची तर विमानतळाच्या टॉवरची परवानगी. विमानांची रांग आडवी आली की टॉवर सांगतो, "टाकीवर थांबा." म्हणजे नदीकाठच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर घिरट्या घालत राहायचं, वाट मोकळी झाली की पलीकडे जायचं. चालकाने "जीवाचं काम आहे" म्हटलं तर मात्र टॉवर विमानांना बाजूला सारतो. तीनशे माणसांना वळसा पडतो. म्हणून तो शब्द तोलूनमापून वापरायचा.

आणि निघताना टॉवर दोन प्रश्न विचारतो. किती मिनिटांचं तेल? किती जण? दुसरा आकडा दोन कामांना लागतो. वजनाला, आणि काही बरंवाईट झालं तर खाली किती जणांना शोधायचं, ते ठरवायला.

३

सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. नदीत कोणीतरी वाहत चाललंय, असा फोन आला. फोन करणाऱ्यालाच खात्री नव्हती. माणूस असेल, म्हणाला, ओंडकाही असेल. चिमणीने टॉवरला साधं काम म्हणून कळवलं. तिघे जण, शंभर मिनिटांचं तेल.

"टाकीवर थांबा," टॉवरवाल्या बाई म्हणाल्या.

मी इथे रेडिओला कान लावून. एक विमान गेलं. दुसरं गेलं. तिसरं, चौथं. चिमणीने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. अकरा मिनिटं. मग वाट मिळाली आणि ते पलीकडे गेले, तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. ओंडकासुद्धा नव्हता.

यंत्र परतलं, अंगणात उतरलं, पाती थांबली. मी सवयीने छोट्या तबकडीकडे बघत होतो. मास्तर उतरला, बहात्तर गेले. दुर्बीण उतरला, चौऱ्याऐंशी गेले. शेवटी चिमणी. काटा खाली आला आणि एकसष्टवर थांबला.

चिमणी आत आली. या खोलीची तिसरी पायरी कोणाची गय करत नाही, मांजर चढलं तरी कुरकुरते. ती कुरकुरली. चिमणीने पाण्याचा पेला घेतला आणि प्यायली नाही.

"काका, मी जीवाचं काम म्हणायला हवं होतं."

"खात्री नव्हती ना?"

"नव्हती. म्हणूनच म्हणायला हवं होतं."

मी तिच्या खांद्यावरून तबकडीकडे बघत होतो. 

४

अहो, मी व्यापारी माणूस. एकसष्ट किलो हवेतून येत नाहीत हे मला कळतं. म्हणून आधी तेलावर संशय घेतला. तेल कमी जळलं असेल, टाकीत जास्त उरलं असेल. टाकी उपसून मोजली. उलटंच निघालं. तीन मिनिटांचं तेल जास्त जळलं होतं, अंगावर ओझं असल्यासारखं.

मग काट्यावर संशय. झाकण उघडलं, एक पाल निघाली. मला केवढा आनंद झाला! दुर्बीण म्हणाला, "काका, पाल एकसष्ट किलोची असेल तर ती आपल्याला खाईल." पाल हाकलली. काटा एकसष्टच. यंत्र ढकलून बाजूला काढलं, काटा शून्य. अंगणावर प्रमाणित वजनं ठेवली, ग्रॅमाला ग्रॅम बरोबर. यंत्र परत आणलं. एकसष्ट.

मग वारा. वाऱ्याने पाती हलतात, काटा हलतो. ताडपत्री बांधली, दारं लावली आणि भर दुपारी एकटा तबकडीसमोर उभा राहिलो. बाहेर विमानं उतरत होती. एका विमानाचा आवाज विरतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, त्या मधल्या शांततेत मी काट्याच्या टोकाला डोळा लावला.

वर-खाली. वर-खाली. एका मिनिटात पंधरा-सोळा वेळा.

मी बाहेर गेलो आणि यंत्राच्या मागच्या डाव्या खिडकीला कपाळ टेकवलं. सीट रिकामी होती. पट्टा बांधलेला होता. पण गादीला आवळलेला नव्हता. एका माणसाचं पोट मावेल एवढा सैल होता, आणि पुढे उभा राहिलेला होता.

५

तिघांना बोलावून सगळं सांगितलं. पट्ट्याचं सोडून.

"काका, काटा शून्यावर आणून ठेवा की," दुर्बीण म्हणाला. "विषय संपला."

"एखाद्याला शून्य करायला काय, एक स्क्रू फिरवावा लागतो."

"म्हणजे कोणीतरी आहे म्हणता?"

"मी एकसष्ट म्हणतो. 'कोणीतरी' तू म्हणालास."

मास्तरने नकाशाची घडी घातली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी नकाशा डाव्या सीटवर ठेवायचो. त्या दिवसापासून नाही ठेवत." का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चिमणीने हातमोजे चढवले. "तेल चौघांचं भरा, काका. मी टॉवरला चार सांगते."

रेडिओवर टॉवरवाल्या बाईंनी विचारलं. "चार? चौथं कोण?"

"सोबत आहे," चिमणी म्हणाली.

"बरं. चार लिहिले."

मीही वहीत चार लिहिले. आणि खरं सांगतो, त्यानंतर बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. हरवलेली म्हातारी सापडली, पळालेला ट्रक सापडला, तेल मिनिटाला मिनिट जुळलं. छोटा काटा रोज दोनशे पंच्याहत्तर. दुर्बीण तर चढताना डाव्या सीटला "रामराम" घालायला लागला. माणूस कशालाही सरावतो.

६

तेराव्या दिवशी मोठे साहेब वही घेऊन आले. पायरी कुरकुरली तेव्हाच मी ओळखलं, जड प्रकरण आहे.

"शेठ, हजेरीपटावर तीन, तुमच्या वहीत चार. चौथ्याचा हुद्दा काय?"

मी काटा दाखवला. साहेबांनी बघितला, मग घड्याळ बघितलं.

"काटा दुरुस्त करून घ्या. पोलिसांच्या यंत्रात अनोळखी इसम बसतो, असं उद्या छापून आलं तर उत्तर कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. पटावर असतील तेवढे लिहा. नाहीतर तेल देणारे दुसरेही आहेत."

चिमणी म्हणाली, "साहेब, मला वजन खरं लागतं."

"वजन मनात धरा. कागदावर तीन, टॉवरला तीन."

तिने माझ्याकडे बघितलं. आता इथे मी तुमच्याशी खोटं बोलू शकतो, ऐकणारे तुम्ही एकटेच आहात. पण नाही. मी म्हणालो, "ऐक बाई त्यांचं. तेल मी भरतोच आहे चौघांचं. नुसत्या आकड्याने काय बिघडतंय?"

व्यापाऱ्याने हे म्हणावं! नुसत्या आकड्याने काय बिघडतंय!

सहा दिवस मी तीन लिहिले. सहा दिवस ती टॉवरला तीन म्हणाली. दुर्बिणीचा रामराम बंद झाला. चौथ्या दिवशी घरी आमची ही म्हणाली, "चिमणी हल्ली इतकी हलक्या पावलाने वावरते, मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही. दचकले मी." पाचव्या दिवशी चिमणी या खोलीत येऊन गेली आणि ती गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय चुकलं ते आठवेना. पायरी वाजली नव्हती.

७

सातव्या दिवशी दुपारी बाराला निघायचं होतं. तिघे चढले. मी नळी लावून तेल भरलं आणि तबकडी बघायला आत आलो.

दोनशे सतरा.

कोणीही म्हणालं असतं, वा, गेलं एकदाचं! तिघांचे दोनशे चौदा, वर तीन म्हणजे जेवण झालंय. माझंही मन क्षणभर तेच म्हणालं. वहीत 'तीन' लिहून मी पुढे 'ठीक' लिहायला पेन टेकवलं होतं.

पण तीन किलो कोणाचे? दुर्बीण जेवला नव्हता, डबा माझ्याच टेबलावर पडला होता. मी आकडे मांडले, लहानपणापासून मांडतो तसे. चौऱ्याऐंशी आणि बहात्तर, एकशे छप्पन्न. दोनशे सतरातून एकशे छप्पन्न गेले.

एकसष्ट.

तिघांचंच वजन होतं. पण त्या तिघांत अठ्ठावन्न नव्हते.

खिडकीतून चिमणी दिसत होती. चालकाच्या सीटवर, हेल्मेट घालून, मला अंगठा दाखवत होती. रेडिओवर तिचा आवाज आला, "तेल शंभर मिनिटं. तिघे जण."

मी बाहेर धावलो आणि यंत्राला लावलेल्या नळीचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. नळी लागलेली असताना यंत्र सुरू करता येत नाही, तो नियमच आहे.

"काका, नळी काढा!" दुर्बीण ओरडला. "साहेब बघतायत वरून!"

"बघू देत. चिमणे, खाली उतर."

"काका, वाट मिळालीय. फक्त चार मिनिटांची."

"मिळो. तू उतरल्याशिवाय ही नळी निघत नाही. हात तोडून न्या हवे तर."

ती चिडून उतरली. पट्टा सोडल्याचा खटका मी ऐकला. तिने उडी मारली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मी खिडकीतून आतल्या तबकडीकडे बघितलं.

काटा हललाच नाही.

"मास्तर, उतर." बहात्तर गेले. "दुर्बीण, उतर." चौऱ्याऐंशी गेले. काटा एकसष्टवर, वर-खाली, वर-खाली. पूर्वीपेक्षा जलद.

मी मागच्या खिडकीतून बघितलं. डाव्या सीटचा पट्टा गादीला घट्ट आवळलेला होता, अगदी नियमाप्रमाणे. तिथे कोणी नव्हतं. मग मी पुढे बघितलं. चालकाच्या सीटचा पट्टा बांधलेला होता. एका पोटाएवढा सैल.

"मी सोडला होता तो," चिमणी हळूच म्हणाली. "काका, मी आत्ता सोडला होता."

मी तिचा हात धरून तिला इथे आणलं. या कोपऱ्यात तेव्हा पोत्यांचा काटा असायचा, त्यावर उभं केलं. काटा शून्य. तिचे बूट काढून ठेवले, पावणेदोन किलो. परत पायात घातले, शून्य. हात गरम होता. नाडी लागत होती. ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "बिघडलाय हो तुमचा काटा."

मी तिच्याशेजारी दहा किलोचं वजन ठेवलं. काट्याने दहा दाखवले.

ती रडली नाही. मीही नाही. वहीतला 'तीन' खोडला, चार लिहिले आणि रेडिओ उचलला. टॉवरशी बोलायचा मला अधिकार नाही, तरी बोललो.

"बाई, तेलवाला बोलतोय. आमच्या यंत्रात चौथा आहे. मागचे सहा दिवसही होता. लिहून घ्या."

खरखर झाली. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. सहा दिवस तुम्ही तीन सांगत होता आणि माझा हात चार लिहीत होता. मी खोडत होते."

८

आता चिमणी उडत नाही. नवा चालक आलाय, भला माणूस आहे, अडुसष्ट किलो, दोन लहान मुली आहेत त्याला. मी रोज चार लिहितो आणि टॉवरवाल्या बाई रोज चार लिहून घेतात. मागचा पट्टा पुन्हा सैल झालाय, पुढचा नाही. हे एकातून दुसरं कसं होतं, मला विचारू नका. चौथी शिकलेला माणूस मी. मला क्रम ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही.

पोत्यांचा काटा मी घरी नेलाय. चिमणीला रोज सकाळी बूट-हेल्मेट घालून त्यावर उभं करतो, म्हणजे तुलना खरी राहील. पहिले दोन दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी काटा अर्ध्या किलोवर थरथरला. हिने तोंडात पदर कोंबला. आज सकाळी एकोणचाळीस झाले. परवा ही आणि चिमणी इथे आल्या तेव्हा चिमणीच्या पायाखाली पायरी वाजली, अगदी बारीक, मांजर चढल्यासारखी, आणि आम्ही तिघं खोलीत नुसते उभे राहिलो. एकोणीस किलो अजून यायचे आहेत. मी ते आणणार. त्यात बदल नाही.

साहेबांनी माझं कंत्राट का काढलं ते तुमच्या कानावर आलंच असेल, 'नोंदीत खोटी व्यक्ती दाखवली' म्हणून. तुम्हालाही त्यांनी सांगितलंच असेल, पटावर असतील तेवढेच लिहा. मान खाली घालू नका, मलाही सांगितलं होतं आणि मीही ऐकलं होतं.

त्या एकसष्ट किलोंना घाबरू नका. मला विचाराल तर, ते आपली मोजदाद होण्याची वाट बघत बसलेत, एवढंच. तशी टाकीपलीकडे त्या दिवशीही कोणीतरी वाट बघत होतं.

ह्या घ्या किल्ल्या. ही वही. उद्या सकाळी तिघे चढतील आणि छोटा काटा दोनशे पंच्याऐंशी दाखवेल. शेजारी साहेब उभे असतील. तेव्हा पेन उचलण्याआधी काटा बघा. नीट बघा, तो श्वास घेतोय का. आणि मग जितके आहेत तितके लिहा. माझी पोर घरी काट्याशेजारी बूट घालून बसलीय हो. एवढा हिशोब खरा ठेवा.